उझुन-सायच्या इस्पितळात कुणीच आजारी नाही

असं समज, की तुझा पाय मोडला आहे. घाबरू नकोस, नुसतं समजायचं आहे. गुडघ्यापासून खाली सगळा पाय प्लास्टरमध्ये, आणि ते इतकं जड की कूस बदलायची तर आधी पायाची परवानगी काढावी लागते. पलंग लोखंडी, मधे झोळीसारखा खाली गेलेला. कोळसा वाचवायला मोठ्या खोल्यांतली ही एकच तापवतात, म्हणून बायका-पुरुष एकत्रच, मधे एक फुलाफुलांचा पडदा. त्यात तीन मोठी माणसं. एक घोरतं, एक घामेजून थरथरतं आणि एक दिवसभर बोलतं. खिडकीतून डोंगर दिसतो, पण तो काही हलत नाही. असे एकोणीस दिवस. आता सांग, तू काय करशील?

उलकानने जे केलं तेच करशील. ती नऊ वर्षांची होती आणि तिने त्या तिन्ही माणसांचा अभ्यास केला. शाळेत कधी केला नव्हता एवढा.

तिचा पाय कसा मोडला, याबद्दल दोन मतं आहेत. आमच्या खोऱ्यात कुणालाही विचारलं तर तो सांगेल, गाढवावरून पडली. तिला विचारलं तर घोडा होता. गाढवाला अजून कुणी विचारलेलं नाही. तिचे आईबाप वर मेंढ्यांच्या तळावर होते, कारण कोकरं जन्मायचे दिवस होते आणि त्या दिवसांत मेंढी सोडून कुणी कुठे जात नाही, मग पोरगी का मोडेना. म्हणून ती इस्पितळातच राहिली.

एकोणीस दिवसांत तिला काय काय कळलं ते ऐक. घोरणारा तो एसेनकुल अक्साकाल, पांढऱ्या दाढीचा म्हातारा मेंढपाळ. त्याचं हृदय थकलं होतं. पाय सुजून फुगायचे, आडवा झाला की दम लागायचा, म्हणून तो तीन उश्यांना टेकून बसल्या बसल्या झोपायचा. त्याला लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या तो गिळायचा नाही. गालात धरायचा आणि नर्स गेली की खिडकीबाहेर थुंकायचा, कारण सारखं उठायचा त्याला कंटाळा. खिडकीखालच्या कोंबड्यांचं त्यामुळे काय झालं ते मी सांगत नाही.

थरथरणारा तो कुबात, दांडगा तरुण गडी. मेंढ्यांची बाळंतपणं उघड्या हातांनी करून करून त्याला मेंढ्यांचा ताप लागला होता. रोज संध्याकाळी ताप चढायचा, चादर पिळून काढावी इतका घाम यायचा, आणि सकाळी तो पुन्हा म्हणायचा, "मला काही झालेलं नाही, उद्या घरी जातो."

आणि बोलणारी ती बातमा एजे. एजे म्हणजे ताई, पण बातमा एजेला आठ नातवंडं होती. तिच्या पित्ताशयात खडे होते. तिला तळलेलं बंद होतं, आणि तिच्या उशीच्या अभ्र्यात नेहमी सात-आठ बोरसोक असायचे, तुपात तळलेले कणकेचे गुबगुबीत गोळे. रात्री कुरुमकुरुम, पहाटे 'मेले, मेले'.

ह्या सगळ्यांना सांभाळणारी डॉक्टर एकच. सोनूनबूबू. चोविसाव्या वर्षी ती खोऱ्यात आली तेव्हा सगळे तिला एजे म्हणायला लागले. आता ती एकाहत्तरची होती, तरी तिच्याहून म्हातारी माणसंही एजेच म्हणायची. हाताने पोट दाबलं की आत काय बिघडलंय ते तिला कळायचं. आवाज असा, की व्हरांड्यातून "कोण उठलंय रे?" म्हणाली की उठलेला माणूस आडवा व्हायचा.

तिची एक गोष्ट उलकानशिवाय कुणालाच माहीत नव्हती. ती तुला सांगतो.

एजे रोज सकाळी तापमापक उलकानसमोर धरायची. "बघू गं, पारा कुठे आहे? तुला वाचता येतं का बघू." उलकानला वाटायचं, हा गणिताचा तास. मग औषधाची बाटली. "बघू, बारीक अक्षर वाचता येतं का?" मग एक दिवस एजे खोलीत आली, खुंटीवर लटकलेल्या ओव्हरकोटाजवळ थांबली आणि प्रेमाने म्हणाली, "काय, झोप लागली का रात्री?"

कोट काही बोलला नाही.

दुपारी सगळे झोपलेले असताना उलकानने विचारलं, "एजे, तुला दिसत नाही ना?"

"दिसतं की. तू दिसतेस. एक आगाऊ ढग."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. राजधानीत डोळ्यांच्या डॉक्टरने दोनदा तारीख दिली होती. पहिल्या तारखेला एका बाळंतिणीचं पोर आडवं आलं. दुसऱ्या तारखेला कुणाचं तरी आंत्रपुच्छ फुटलं. दोन्ही वेळा एजे निघूच शकली नाही, कारण इस्पितळ सोपवायचं कुणावर? शेजारचा डॉक्टर खिंडीपलीकडे, गाडीने चार तास, आणि हिवाळ्यात खिंड बंद. आता तिसरी तारीख होती ह्याच शुक्रवारी. ती चुकली तर एजेचे डोळे जाणार, आणि एजेचे डोळे गेले की इस्पितळाला कुलूप.

"कुणाला सांगू नकोस," एजे म्हणाली. "नर्स रडत बसेल. साहेब लोक लगेच कुलूप घेऊन येतील." आणि तिने उलकानचा हात नानवर, म्हणजे भाकरीवर, ठेवून तिला शपथ घ्यायला लावली. आमच्याकडे भाकरीवरची शपथ मोडणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

आता थोडं शिकायचं आहे, कंटाळू नकोस. डॉक्टरकीची परीक्षा पास झाली म्हणून कुणी डॉक्टर होत नाही, जसं घोड्यावरचं पुस्तक वाचून कुणी घोडेस्वार होत नाही. परीक्षेनंतर काही वर्षं एखाद्या इस्पितळात राहून, जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली, खऱ्याखुऱ्या आजारी माणसांवर हात बसवावा लागतो. अशांना निवासी डॉक्टर म्हणतात. आमच्या देशात हे सगळे निवासी डॉक्टर राजधानीतल्या मोठ्या इस्पितळांत गर्दी करून असायचे आणि जिथे शिकले तिथेच चिकटायचे. डोंगरात एकही यायचा नाही. शेवटी वरच्या लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला, की लहान इस्पितळांतही अशा जागा काढाव्यात. पण कुठल्या इस्पितळात, हे बघायला एक समिती फिरायला लागली.

समितीच्या अटी चार. पलंग हवेत. शिकवायला अनुभवी डॉक्टर हवा. निवासी डॉक्टरांना राहायला घर हवं. आणि शिकण्यासारखे रुग्ण हवेत.

पलंग होते. डॉक्टर होती. घराचं म्हणशील तर गावाने तीन घरं देऊ केली, एकाने तंबू देऊ केला आणि एकाने नवरी म्हणून स्वतःची मुलगी. रुग्णांची तर काळजीच नव्हती. उलकानने बोटं मोजून पाहिली, नऊ होते. तिच्या खोलीत चार, पलीकडच्या लहान खोल्यांत दोन बाळंतिणी, त्यांची दोन बाळं आणि एक कान फुटलेला पोस्टमन.

समिती आली बुधवारी. दोन जागा मिळाल्या, निदान कुणीतरी तात्पुरतं आलं, तर एजे शुक्रवारी राजधानीत पोचणार होती.

त्या दिवशी बातमा एजे पहाटेच उठून उभी राहिली.

"चला, उठा! राजधानीहून पाहुणे येताहेत आणि तुम्ही लोळताय? लाज नाही वाटत?"

आणि बघता बघता सगळे उठले. पाहुण्यासमोर पडून राहणं आमच्या खोऱ्यात कुणाला जमत नाही. पलंग आवरले. एसेनकुलने सुजलेले पाय बुटांत कोंबले, बूट गावातून आलेल्या त्याच्या मुलाने ढकलून बसवले, आणि डोक्यावर पांढरी नमद्याची टोपी चढवली. कुबातने थंड पाण्याने तोंड धुऊन केस विंचरले. टेबलं जोडून त्यावर दस्तरखान अंथरलं. बोरसोक, साय, जर्दाळूचा मुरंबा. गावातून उकडलेल्या मेंढीचं घमेलं आलं. पोस्टमन कान बांधलेली पट्टी काढून चहा ओतायला उभा राहिला. खोली अशी दिसायला लागली की इथे लग्न आहे, फक्त नवरानवरी यायची बाकी आहेत.

उलकानला उठता येत नव्हतं. ती पलंगावर बसून बघत राहिली.

दार उघडलं. आधी एक मोठं पोट आत आलं, मग त्याचे मालक रिस्बेक कालीलोविच, समितीचे प्रमुख, स्वतः हृदयाचे डॉक्टर. त्यांच्यामागे पेरिझात नावाची एक किडकिडीत तरुण मुलगी, हातात वही. तीही निवासी डॉक्टरच होती, पण लिहायचं काम करायला तिला बरोबर घेतलं होतं.

"कसे आहात, अक्साकाल?" रिस्बेक कालीलोविचनी एसेनकुलला विचारलं.

"छान! खुदाची मेहेर. तुम्ही कसे? प्रवास कसा झाला? मुलंबाळं बरी? जनावरं बरी?"

"जनावरं नाहीत आमच्याकडे. आम्ही राजधानीत राहतो."

"अरेरे," एसेनकुल मनापासून म्हणाला.

"तुमची तब्येत म्हणतोय मी."

"तब्येत? छान, खुदाची मेहेर," एसेनकुल म्हणाला, आणि टोपी तोंडावर धरून तिच्यात खोकला.

आता तुला हे समजायला हवं. आमच्याकडे पाहुण्याने 'कसे आहात' म्हटलं की 'छान, खुदाची मेहेर' हेच म्हणायचं असतं. दुसरं उत्तर नाहीच. लांबून, खिंड ओलांडून माणूस येतो आणि आपण त्याच्यापुढे आपली पोटं आणि मूतखडे मांडायचे? घोड्यावरून पडून मान मोडलेला माणूससुद्धा पाहुण्याला आधी चहा विचारेल.

"आणि आपण?"

"मला काय धाड भरलीय," बातमा एजे म्हणाली. "छान. घ्या ना, बोरसोक घ्या. मीही घेते एक."

"तू काय करतोस इथे, जवान?"

"मी?" कुबात चाचरला. त्याच्या कपाळावर घाम होता. "मी... भेटायला आलोय."

पोस्टमनला प्रश्न ऐकूच गेला नाही, पण तो मोठ्याने म्हणाला, "छान!" बाळंतिणी छान होत्या. बाळं तेवढी रडली, पण बाळांचं कोण मनावर घेतं.

सोनूनबूबू एजेचा चेहरा लाल झाला होता. "अहो, ह्यांचं ऐकू नका! ह्या म्हाताऱ्याचं हृदय थकलंय, त्या बाईच्या पित्ताशयात..."

"एजे जरा जास्तच काळजी करते," एसेनकुल पाहुण्यांना म्हणाला. "देव माणूस आहे. मांस घ्या."

"ह्यांच्या फायली दाखवा, सोनूनबूबू इसाएव्हना," प्रमुखांनी तिला वडिलांच्या नावासकट हाक मारली.

एजेने फायली दिल्या. डोळ्यांनी दिसत नसताना लिहिलेल्या. एका ओळीवर दुसरी ओळ, तिच्यावर तिसरी. रिस्बेक कालीलोविचनी ती पानं सरळ धरली, उलटी धरली आणि मान हलवली. "डॉक्टरांचं अक्षर. चालायचंच. पण मला एक शब्द लागेल तर शपथ."

मग ते दस्तरखानाशी बसले, चष्मा काढला आणि हळू आवाजात बोलले. वाईट माणूस नव्हता तो. "इसाएव्हना, मी बारा तालुके फिरलो. तुमचं इस्पितळ सगळ्यांत स्वच्छ आहे. घरं आहेत, पलंग आहेत. पण निवासी डॉक्टरला शिकायला आजारी माणूस लागतो. इथे तर माझ्याहून धट्टीकट्टी माणसं मला वाढताहेत. मी दोन तरुण डॉक्टर इथे पाठवू ते काय, चहा प्यायला? पेरिझात, लिही. रुग्ण नाहीत."

पेरिझातने वही उघडली. सगळ्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव उरला नाही. आपण काय करून बसलो हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं होतं. पण आता बोलायचं कसं? आत्ताच तर छान म्हटलं! पाहुण्यासमोर स्वतःला खोटं पाडायचं?

उलकानने एजेकडे पाहिलं. एजे चहाची वाटी शोधत होती. वाटी तिच्या हाताच्या वितीवर होती, आणि तिची बोटं दस्तरखानावरून चाचपत मुरंब्यात गेली.

"खोटं बोलताहेत सगळे!" उलकान ओरडली.

"ए पोरी!" बातमा एजे.

"ह्या अक्साकालचे बूट काढा! काढून दाखवाच! सकाळी ढकलून बसवलेत, आता कुऱ्हाडीशिवाय निघायचे नाहीत. हा बसून झोपतो. गोळ्या थुंकतो, कोंबड्यांना विचारा! हा कुबात भेटायला आलाय? बावीस दिवस भेटतोय कुणाला? हात लावा त्याला, चहा उकळेल. आणि बातमा एजेच्या उशीत..."

"गप्प बस गं, सैतानाचं कार्टं! मोठ्यांची अब्रू काढतेस?"

"...आठ बोरसोक आहेत, आणि पहाटे ती मेले मेले म्हणते आणि असा वारा सोडते की पडदा हलतो!"

पोस्टमनला काहीच ऐकू आलं नव्हतं, तो चहा ओतत राहिला आणि वाटी भरून वाहायला लागली.

आणि मग पहिला कोण हलला? एसेनकुल. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सुस्कारा सोडला. "एकदाचं बोललं कुणीतरी. काढा रे बूट. जीव चाललाय."

बूट काढायला तीन माणसं लागली. पेरिझातने वही ठेवली. "मी बघू?" तिने विचारलं, आणि परवानगीची वाट न बघता खाली बसली. तिने म्हाताऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे एवढा मोठा खड्डा पडला आणि तसाच राहिला.

"राजधानीत एका पलंगाभोवती आम्ही अकरा जण उभे असतो," ती त्या खड्ड्याकडे बघत म्हणाली. "चार महिन्यांत मी दोनदाच रुग्णाचं पोट पाहिलंय, तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून. हात लावायची पाळी अजून आलेली नाही."

"मग लाव," सोनूनबूबू एजे तिच्या शेजारी येऊन बसली. "डोळे मीट आधी. बघून काय कळतंय? हात ठेव. इथे. थंड आहे की गरम? कुठपर्यंत सूज? वर जा. अजून वर. लाजू नकोस, तो तीस वर्षं विधुर आहे, त्याला बरंच वाटेल."

"एजे!" अक्साकाल लाजून लाल झाला.

"आता कान ठेव पाठीवर. नळी नंतर. काय ऐकू येतं?"

"बुडबुडे," पेरिझात डोळे मिटून म्हणाली. "खालच्या बाजूला. बारीक बुडबुडे!" आणि ती अशी हसली जसं तिला सणाचे पैसे मिळाले आहेत.

मग काय विचारतोस! एकदा खरं बोलायला सुरुवात झाल्यावर कुणी थांबेना. कुबातने सदरा काढला, पेरिझातने त्याच्या बरगडीखाली हात घालून फुगलेली प्लीहा शोधली. बातमा एजे म्हणाली, "माझा आजार त्यांच्याहून मोठा आहे, आधी मला बघ!" पोस्टमनने कान पुढे केला. मेंढीचं घमेलं घेऊन आलेला शेजारी, ज्याला खरोखरच काही झालेलं नव्हतं, तोही रांगेत उभा राहिला आणि काहीतरी आठवायला लागला.

रिस्बेक कालीलोविच हे सगळं बघत बसून होते. उठले नाहीत.

"आणि तुम्ही कसे आहात, बाइके?" उलकानने विचारलं. बाइके म्हणजे दादा.

"मी? मी छान, खुदाची..."

"मग टेबलाखाली एक बूट का काढलाय?"

प्रमुख गडबडले. एजे सावकाश त्यांच्यापाशी आली, वाकली, टेबलाखाली हात घातला आणि त्यांच्या पायाच्या अंगठ्याला नुसतं बोट लावलं. ते असे ओरडले की पलीकडची दोन्ही बाळं जागी झाली.

"पेरिझात, इकडे ये. काय वाटतं?"

"गरम आहे. सुजलाय. सांधा..." पेरिझात घुटमळली. साहेबांबद्दल बोलायचं होतं. मग तिने धीर केला. "वातरक्त. रक्तात आम्ल साठलंय."

"शाब्बास. कालपासून काय काय खाल्लंत, कालीलोविच?"

"चार गावांत चार मेजवान्या," ते कण्हत म्हणाले. "नाही कसं म्हणायचं? प्रत्येक घरी मानाचं म्हणून मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवतात. आणि कसे आहात विचारलं तर सांगू काय? अंगठा दुखतोय?"

"आठ दिवस तो पाय जमिनीला लावायचा नाही. गाडीने खिंड ओलांडायची तर बातच सोडा."

रिस्बेक कालीलोविचनी घाम पुसला. मग वही ओढून घेतली आणि 'रुग्ण नाहीत' खोडलं. "शिकण्यासारखे रुग्ण, आहेत. प्रमुखासकट. शिकवणारी, आहे. मी असं शिकवणं तीस वर्षांत पाहिलेलं नाही. एकच प्रश्न उरला, इसाएव्हना. शिकवणाऱ्या डॉक्टरची स्वतःची तब्येत कशी आहे?"

"माझी? छान..." एजेने सवयीने सुरुवात केली आणि थांबली.

सगळी खोली उलकानकडे वळली. तिने सगळ्यांचं सांगितलं होतं. हिचंही सांगणार का?

उलकानने ओठ आवळून धरले. इतके घट्ट, की ते पांढरे पडले. तिचे डोळे भरून आले होते. सांगितलं तर शपथ मोडणार, आणि कदाचित साहेब कुलूप लावणार. न सांगावं तर शुक्रवार जाणार.

"तिच्याकडे नका बघू," एजे म्हणाली. "तिला मी भाकरीवर हात ठेवायला लावलाय. माझं मीच सांगते. मला दिसत नाही, कालीलोविच. डावा डोळा गेल्यात जमा आहे, उजव्याने मला पेन्शन मागितलंय. ह्या खोलीत तुम्ही मला एक मोठा ढग दिसता आणि ही एक लहान. परवा तारीख आहे शस्त्रक्रियेची. आता लिहा काय लिहायचं ते."

बातमा एजेच्या हातातला बोरसोक तसाच राहिला.

रिस्बेक कालीलोविचनी अटींचा कागद काढला. वरपासून खालपर्यंत वाचला. "शिकवणारा डॉक्टर अनुभवी असावा, असं लिहिलंय. त्याला दिसावं असं कुठे लिहिलेलं नाही. लिहायचं कुणाला सुचलं नसेल." त्यांनी सही केली. "दोन जागा. शरद ऋतूपासून. पण तुम्ही परवा त्या टेबलावर पडला नाहीत, तर मी स्वतः येऊन कुलूप लावीन. आमची गाडी उद्या सकाळी राजधानीला निघते. तुम्ही तिच्यात बसा."

"आणि इथे कोण?"

"मी," पेरिझात म्हणाली.

"एकटी? तुझ्या डोक्यावर एक शिकलेला डॉक्टर नको का?" प्रमुखांनी विचारलं.

एजे हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. "आहे की. हृदयाचा मोठा डॉक्टर. पाचव्या पलंगावर."

"मी समितीचा प्रमुख आहे!" रिस्बेक कालीलोविच म्हणाले.

"होतात," एजे म्हणाली. "कपडे बदला. आणि मांस बंद."

गुरुवारी सकाळी गाडी एजेला घेऊन खिंडीकडे गेली. सारं गाव हात हलवत होतं आणि एजे भलत्याच दिशेला हात हलवत होती. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा पेरिझात एजेचा पांढरा कोट घालून खोलीत आली. बाह्या चार वेळा दुमडल्या होत्या तरी बोटं दिसत नव्हती. पाचव्या पलंगावर प्रमुख उशीवर पाय ठेवून पडले होते आणि एसेनकुल अक्साकाल त्यांना गोळ्या गालात कशा धरायच्या ते समजावत होता.

पेरिझात एकेका पलंगापाशी गेली. मिटल्या डोळ्यांनी हात लावला, विचारलं, लिहिलं. शेवटी उलकानपाशी आली.

"पाय कसा आहे?"

उलकानने खिडकीबाहेर पाहिलं. डोंगराकडे, कोंबड्यांकडे, परत डोंगराकडे. तिचे कान लाल झाले. शेजारच्या पलंगावरून बातमा एजे तिच्याकडे टक लावून बघत होती, हातांची घडी घालून.

मग उलकानने दोन्ही हातांनी आपला प्लास्टरचा पाय उचलला, पेरिझातच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "ह्याच्या आत बातमा एजेची विणायची सुई आहे. खाजवत होते. रविवारपासून आहे."